शारदाबाईंची जमीन

खरेदीखतात मी शरद आहे, नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनमध्ये शरद आहे आणि गाव नमुना सहाच्या फेरफारातही शरदच आहे; सातबाऱ्यावर उतरताना मात्र कोणीतरी सढळ हाताने दोन काने जास्त दिले आणि मी शारदा झालो. दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, "खातेदार स्वतः आल्या आहेत का?" मीच तो, असे सांगितल्यावर त्यांनी मला बाकाकडे बोट दाखवले.

बाकावर मांडीवर दप्तर घेऊन एक आजोबा बसले होते. दवाखान्यात जुना रोगी नव्याकडे पाहतो तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कोणतं कलम?"

"जमीन महसूल संहितेचं १५५."

"म्हणजे लेखनप्रमाद. सर्दी आहे ती," असे म्हणून त्यांनी दप्तराची गाठ सोडली आणि घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला एक पिवळा कागद मला दुरूनच दाखवला. "आमचं दिवाणीत आहे. वडिलांपासून."

मी ओशाळून शारदाबाईंची हकिगत सांगितली. त्यांनी ताबडतोब उपाय सुचवला: "बाईंकडून बक्षीसपत्र करून घ्या. नोंदवूनच घ्या हं. खरेदीला नोंदणीच्या सक्तीतून निदान शंभर रुपयांच्या आत तरी सूट आहे, बक्षीसपत्राला तीही नाही."

"अहो, शारदाबाई नाहीतच."

"अरेरे," आजोबा हळहळले. "कधी गेल्या? मग वारसनोंद लावा. तीन महिन्यांच्या आत कळवायला हवं होतं तुम्ही."

त्या कधी नव्हत्याच, हे मी जरा चढ्या आवाजात समजावल्यावर त्यांनी शांतपणे कलम १५७ काढले. महसुली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असते. तेव्हा बाई आहेत हे सरकारने नव्हे, त्या नाहीत हे मी सिद्ध करायचे. चूक ज्यांच्या हातून झाली त्यांना काहीच सिद्ध करावे लागत नाही, हे मला अजूनही पचलेले नाही.

एरवी मी या व्यवस्थेचा चाहता आहे. सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, तो मुख्यतः महसुलासाठी असतो, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. माझी खरी ढाल म्हणजे १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंदवलेले खरेदीखत. अर्थात आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीच्या हक्काची नव्हे, म्हणून विकणाऱ्याचाच हक्क लंगडा असेल तर ती ढालही कागदीच ठरते. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणलेल्या पद्धतीत सरकारी नोंदवही हाच मालकीचा आधार असतो. ती आपल्याकडेही यावी, असे मी पूर्वी तावातावाने म्हणत असे. आमच्या कार्यालयातली टंकलेखनाची सढळता पाहिल्यापासून गप्प असतो.

तेवढ्यात शिपायाने दारातून हाक मारली, "शारदा कोण?"

आजोबांनी मला कोपराने ढोसले. मी उठलो.