चार्जिंगचा आकडा दिसलाच पाहिजे

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुण्याहून चुलतभाऊ आला होता, आयटीत आहे, त्याने त्याच्या मोबाईलमधला बॅटरीचा आकडाच बंद करून टाकलाय. म्हणे टक्के दिसले की उगाच डोक्याला ताप, ४० चे ३९ झाले की लक्ष तिकडंच जातं, वरच्या कोपऱ्यातली नुसती बॅटरीची डबी दिसली तरी पुरे. ओट्यावर बसून यावर आमचा तासभर वाद झाला आणि तेव्हा जे नीट बोलता आलं नाही ते इथं लिहितो, कारण माझ्यासाठी हा विषय साधा नाहीये.

आमचं शेत चोपडा तालुक्यात, केळी आहे. पाण्याची मोटर जिच्यावर चालते ती शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, हे खान्देशात कोणाला वेगळं सांगायला नको. मागच्या जानेवारीत रात्रीची पाळी चालू होती, लाईट यायची साडेबाराला. हातबॅटरी खराब झालेली म्हणून आप्पा, माझे वडील, मोबाईलच्या टॉर्चवरच निघाले, निघताना वरची डबी बघितली, अर्धी आहे म्हणाले आणि गेले. दोन वाजता आईने फोन लावला तर स्विच ऑफ. अडीचला लावला तरी स्विच ऑफ. त्याच महिन्यात शिवारात बिबट्याचे ठसे दिसलेले, त्यामुळे घरात कोणाचा डोळा लागेना, शेवटी मी गाडी काढली. केळीच्या बागेत रात्री उजेड नसला ना तर स्वतःचा हात दिसत नाही, वरून पानं एकमेकांत गेलेली, चांदणं खाली उतरतच नाही, वाळलेलं पान हललं तरी कोणीतरी चालत येतंय असं वाटतं. आप्पा आप्पा करत मी ओळीओळीतून ओरडत गेलो. ते सापडले स्टार्टरच्या पेटीजवळ, खाली बसलेले, कारण दहा पावलांवर विहीर आणि विहिरीला कठडा नाही, अंधारात पाय कुठं पडेल याचा भरवसा नाही म्हणून जागचे हललेच नाहीत. दीड तास तसेच थंडीत. मला बघून पहिलं वाक्य काय, "बेटरी ते अर्धी व्हती ना भो, मंग बंद कसाले पडना?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाईलचं सेटिंग उघडलं, बॅटरीत गेलो, टक्के दाखवायचं बटण बंदच होतं, ते मी मुद्दाम लगेच चालू केलं नाही. दिवसभर अधूनमधून मोबाईल त्यांच्यासमोर धरायचो, आप्पा चार्जिंग किती आहे सांगा, आणि मग सेटिंगमध्ये जाऊन खरा आकडा बघायचो. ३४ टक्क्यांना आप्पा म्हणाले अर्धी. २८ ला परत अर्धी! चूक त्यांची नाही, ती डबी ज्वारीच्या दाण्याएवढी, त्यात पांढरा रंग कुठपर्यंत आलाय हे साठीच्या माणसाने चष्म्याशिवाय रात्री ओळखायचं म्हणजे अवघडच आहे.

भावाचं म्हणणं होतं की तो आकडा तरी कुठं खरा असतो, अंदाजच असतो. बरोबर आहे, अंदाजच असतो. लिथियमची बॅटरी पूर्ण भरली की साधारण ४.२ व्होल्ट, संपत आली की ३ च्या आसपास, पण मधला बराच काळ ती ३.७ च्या मागेपुढेच रेंगाळते, त्यामुळे टाकीत काठी बुडवून पाणी बघावं तसं नुसते व्होल्ट मोजून काही कळत नाही. म्हणून मोबाईलमध्ये एक चिप आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा हिशेब ठेवत असते आणि त्यावरून टक्के काढते. बॅटरी जुनी झाली की हा हिशेब चुकायला लागतो, टॉर्च, कॉल असा लोड एकदम पडला की व्होल्ट खाली बसतात आणि १०-१५ टक्के दाखवत असतानाच मोबाईल बंद पडतो. आणि लिथियम बॅटरीला गरमी सोसत नाही, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यामुळे इथं ती लवकर म्हातारी होते. हे सगळं मान्य. पण ती डबी कशावरून काढतात? त्याच आकड्यावरून! म्हणजे आकड्यात जी चूक आहे ती डबीतही आहेच, वरून बघणाऱ्याच्या नजरेची चूक आणखी वेगळी. माझं तर म्हणणं आहे आकडा दाखवा आणि बॅटरी किती जुनी झाली, पहिल्याच्या किती टक्के उरली हेही शेजारीच दाखवा, म्हणजे माणूस आपला हिशेब आपण करेल.

नोकिया ११०० होता तेव्हा काड्याच होत्या आणि कोणाचं काही अडलं नाही, हे खरंय. पण तेव्हा चार-चार दिवस चार्जिंग उतरायची नाही आणि मोबाईलवर काम तरी काय, फोन आणि टॉर्च. आता किराण्याचे पैसे मोबाईलवर, भुसावळ-सुरत गाडीचं तिकीट मोबाईलवर, बँकेचा ओटीपी मोबाईलवर. अॅपलने २०१७ ला आयफोन टेन काढला तेव्हा स्क्रीनला वर खाच आल्यामुळे वरचा आकडा काढून टाकला, बघायला बोटाने खाली ओढावं लागायचं, शेवटी २०२२ ला आयओएस १६ मध्ये डबीतच आकडा परत आणला. लाखाचा फोन घेणाऱ्यालाही आकडा लागतोच ना.

ज्याच्या टेबलाखाली प्लग आहे, गाडीत चार्जर आहे, त्याने आकडा बंद ठेवावा, माझी काही हरकत नाही. पण मोबाईल डब्यातून निघतो तेव्हा आकडा चालूच असला पाहिजे, ज्याला नको त्याने सेटिंग शोधून बंद करावा. आज बऱ्याच मोबाईलमध्ये उलटं आहे, ज्याला सेटिंग उघडता येतं त्याला प्लग जवळ असतो आणि ज्याचं आकड्यावाचून अडतं त्याला सेटिंग कुठं असतं तेच माहीत नसतं. त्या आठवड्यात मी गल्लीतल्या अकरा जणांच्या मोबाईलमध्ये टक्के चालू करून दिले, त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की असं काही असतं.

या आठवड्यात परत रात्रीची लाईट आहे. आता आप्पा निघताना दारात थांबतात, मोबाईल डोळ्याजवळ नेतात आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगतात, "बावन्न शे, जास मी." (बावन्न आहे, जातो मी.)