पोटातल्या पाहुण्यांची सरबराई

अँटिबायोटिकचा कोर्स संपतो, दाढ शांत होते आणि नातेवाईक जागे होतात. दाढ दुखत होती तोवर ते दुखणं माझं एकट्याचं होतं. पोट बिघडल्यावर मात्र ते सगळ्यांचं झालं. पोटाबद्दल मत नाही असा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दाढेच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी पडणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. गोळ्या संपल्या, त्याही संपल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अँटिबायोटिकमुळे लागणारे जुलाब काही विशिष्ट प्रोबायोटिक्समुळे कमी होतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. भानगड पुढे सुरू झाली.

"दाजी, बंद केल्यात?" मेहुण्यानं फोनवर अशा आवाजात विचारलं, की मी नोकरी सोडल्याची बातमी त्याच्या कानावर गेली असावी. "अहो, ते कायम घ्यायचं असतं. गट हेल्थ! आतड्याचं आरोग्य! सगळं तिथूनच सुरू होतं. मूड, झोप, केस..."

केस म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो. तो विषय आमच्याकडे नाजूक आहे.

आत्याचा पंथ वेगळा. "वाटीभर दही खा रे दुपारचं," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. आत्या कुठल्याही आजारावर एका वाक्यापेक्षा जास्त वेळ घालवत नाही. आमच्या हिला दोन्ही पंथ अमान्य. तिच्या मते माझ्या पोटाचं जे काही होतं ते रात्री एक वाजता फ्रिज उघडल्यामुळे होतं, आणि यात जिवाणूंचा काही संबंध नाही.

तरी केसांचा मुद्दा डोक्यातून जाईना, म्हणून औषधांच्या दुकानात गेलो.

"कितीचं देऊ?" दुकानदारानं विचारलं. "दहा, पंचवीस, का पन्नास?"

मला वाटलं मिलिग्रॅम. ते अब्ज निघाले. एका कॅप्सूलमध्ये ५० अब्ज जिवंत जिवाणू! आयुष्यात प्रथमच काहीतरी अब्जांत विकत घेत होतो, त्यामुळे छाती थोडी फुगली. घरी येऊन हिशेब केला आणि ती पुन्हा जागेवर आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार सर्वसाधारण माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात, आणि सगळे मिळून वजन जेमतेम २०० ग्रॅम. माणसाच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटींच्या आसपास. म्हणजे माझ्याच देहात मी अल्पमतात आहे. (हे हिला सांगितलं. "देहातच कशाला," ती म्हणाली.) आता ५० अब्ज म्हणजे ५,००० कोटी. भागाकार केला, तर कॅप्सूलमधून आलेल्या एकेका पाहुण्यामागे घरचे साडेसातशेहून जास्त. तेही सगळे पोहोचले तर. वाटेत जठरातलं आम्ल असतं, आणि ते कोणाची विचारपूस करत नाही.

खोक्यावरचा मजकूर वाचणं हा स्वतंत्र छळ आहे. पहिलं नाव लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस. ते पाठ करेपर्यंत कळलं, की २०२० साली शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस या अवाढव्य प्रजातीची २५ प्रजातींत वाटणी केली आणि आता त्याला लॅक्टिकेसिबॅसिलस म्हणायचं. नावापुढे वाणाचं, म्हणजे नेमक्या पोटप्रकाराचं, चिन्हही असावं लागतं, आणि खरी मेख तिथेच आहे. जो काही गुण सिद्ध झालेला असतो, तो त्या एका वाणाचा असतो, त्याच्या सगळ्या भाऊबंदांचा नाही. सगळ्यांत जास्त अभ्यास झालेल्यांपैकी एका वाणाच्या नावात 'जीजी' येतं, ती ज्यांनी तो शोधला त्या गोर्बाक आणि गोल्डिन यांच्या आडनावांची आद्याक्षरं. माझ्या खोक्यावर वाणाचा पत्ताच नव्हता. शिवाय खाली मुंगीला चष्मा लागेल एवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हा आकडा उत्पादनाच्या वेळचा आहे. जिवाणू जिवंत असतात, म्हणजे मरतातही. मी घेईपर्यंत ५० अब्जांतले किती शिल्लक होते, हे एक ते जाणोत.

खोकं फ्रिजच्या दारात गेलं. लोण्याची जागा त्यानं घेतली आणि घरात पहिली ठिणगी पडली.

हे जिवाणू पोटात घालायचं खूळ जगाला लावलं इल्या मेच्निकोव्ह यांनी. मूळचे रशियन साम्राज्यातले, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे, आणि १९०८ सालचं नोबेल मिळालेले. ते मिळालं रोगप्रतिकारशक्तीवरच्या संशोधनासाठी, पण म्हातारपण हा त्यांचा आवडता वैरी. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विष तयार होतं आणि माणूस म्हातारा होतो, असं त्यांचं म्हणणं. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध पितात आणि खूप जगतात, हे त्यांच्या वाचनात आलं, तेव्हा ते स्वतःही रोज आंबट दूध घेऊ लागले. त्या काळात मोठ्या आतड्यावर लोकांचा इतका राग होता, की इंग्लंडमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन नावाचे नामवंत सर्जन बद्धकोष्ठाच्या रोग्यांचं मोठं आतडं चक्क काढून टाकत. त्यामानानं आंबट दूध सौम्य म्हणायचं. मेच्निकोव्ह १९१६ साली, ७१व्या वर्षी गेले. म्हणजे शंभरी हुकली.

आत्याला हे सगळं रंगवून सांगितलं. "तुझ्या बाजूनं नोबेलवाला आहे," म्हटलं. "त्यात काय एवढं," आत्या म्हणाली. "मी त्र्याऐंशीची आहे."

मेहुण्यासाठी मी दुसरी गोष्ट राखून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात हगवणीची साथ पसरलेली असताना एक सैनिक मात्र ठणठणीत राहिला. १९१७ साली आल्फ्रेड निसले या जर्मन डॉक्टरांनी त्याच्या विष्ठेतून ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा एक वाण वेगळा केला. तो वाण आजही कॅप्सूलमध्ये भरून विकला जातो. ही गोष्ट खरी आहे आणि वैद्यकाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. ती मी जेवताना सांगितली. एरवी तीनदा वाढून घेणारा मेहुणा त्या दिवशी "पोट भरलं" म्हणून उठला.

पण मला खरं हलवलं ते २०१८ सालच्या एका प्रयोगानं. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी निरोगी माणसांना प्रोबायोटिक दिलं, आणि नुसती विष्ठा तपासण्यावर न थांबता दुर्बीण घालून थेट आतडं पाहिलं. काहींच्या आतड्यात पाहुणे टेकले होते. काहींच्या आतड्यानं त्यांना दारही उघडलं नव्हतं. ते एका बाजूनं आले आणि दुसऱ्या बाजूनं गेले. दुसरा भाग तर थेट माझ्याबद्दलच होता. अँटिबायोटिक घेतल्यानंतर ज्यांना प्रोबायोटिक दिलं, त्यांची मूळची वस्ती परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. पाहुण्यांनी पलंग अडवला आणि घरचे ओसरीवर! प्रयोग लहान होता, वापरलेलं मिश्रण ठरावीक होतं, त्यामुळे एवढ्यावरून सगळ्या कॅप्सूलना फाशी द्यायला नको. पण जुलाब आटोक्यात ठेवणं वेगळं आणि मोडलेलं बिऱ्हाड पुन्हा बसवणं वेगळं, हे मेहुण्याला सांगायची सोय झाली. पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिक सुचवावं इतका पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२० साली म्हटलं आहे. मोजके अपवाद सोडून. त्या अपवादांत केस नाहीत. मी दोनदा पाहिलं.

"मग घरच्यांना काय घालतोस?" हा प्रश्न हिनं विचारला आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली.

घरच्या जिवाणूंना लागतो चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ. आपल्याला जे पचत नाही, ते मोठ्या आतड्यात पोहोचतं आणि तिथे त्यांची पंगत बसते. बदल्यात ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. मोठ्यांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिनं माझं ताट पाहिलं, मनात बेरीज केली आणि दुसऱ्या दिवसापासून घरात कायदा लागू झाला. कडधान्यं सकाळी, कडधान्यं रात्री, सालासकट फळं, कोंड्यासकट धान्य, मधल्या वेळेला कच्चा कोबी. कांद्यालसणात इन्युलिन नावाचा तंतू असतो म्हणून दोन्ही दुप्पट. ऑफिसात मी बोलायला तोंड उघडलं की माणसं खिडक्या उघडायची.

पण तोंडाचं काय घेऊन बसलात. घरच्यांना इतक्या दिवसांनी पोटभर मिळालं होतं आणि त्यांनी ते वाजवून साजरं केलं. महिन्याच्या आढाव्याच्या बैठकीत साहेब म्हणाले, "कोणाला काही सांगायचंय?" आणि त्या शांततेत माझं पोट सविस्तर बोललं. साहेबांनी "नोंद घेतो" म्हटलं. तंतू हळूहळू वाढवायचे असतात आणि सोबत पाणी भरपूर प्यायचं असतं, हे कायद्याचं परिशिष्ट हिनं मला त्या संध्याकाळी वाचून दाखवलं.

मग मात्रा उतरली, पाणी वाढलं आणि ताटात आत्याचं दही आलं. त्यालाही आधार आहे. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांवर १० आठवडे एक प्रयोग झाला, तो २०२१ साली छापून आला. निम्म्यांनी तंतुमय पदार्थ वाढवले, निम्म्यांनी दही-केफिरसारखे आंबवलेले पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. तंतूवाल्यांची विविधता तेवढ्या काळात सरासरीनं हलली नाही. हा निकाल हिला अजून सांगितलेला नाही. चोथ्याचे इतर फायदे बक्कळ आहेत आणि मला घरात राहायचं आहे.

शिवाय दह्यात जिवाणू नेमके किती, कोणते, हे कोणी मोजलेलं नसलं, तरी प्रथिनं आणि कॅल्शियम तर कुठे जात नाहीत. कॅप्सूल फुटली की आत होतं तेवढंच.

आत्याला मी एवढंच बजावलं, की दही तापवायचं नाही. उकळी आली की जिवाणू मेले. आणि शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत तिचं दही प्रोबायोटिक ठरेलच असं नाही, कारण त्यातल्या वाणांचा गुण कोणी सिद्ध केलेला नाही. "बरं," आत्या म्हणाली, "पण हे दह्यासमोर बोलू नकोस."

गेल्या रविवारी सगळे जमलो होतो. मेहुणा आला तोच नवं खोकं घेऊन.

"दाजी, प्रोबायोटिक जुनं झालं. आता पोस्टबायोटिक!"

"म्हणजे?"

"म्हणजे मेलेले जिवाणू. किंवा त्यांचे तुकडे. शास्त्रज्ञांनी २०२१ साली रीतसर व्याख्या केलीये. मेले असले तरी गुण येतो म्हणे."

"मेलेले?" ही म्हणाली. "म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायला नकोत?"

"अजिबात नाही!"

हिचं मत बदलताना मला स्पष्ट दिसलं. तिची नजर फ्रिजच्या दाराकडे, लोण्याच्या जागेकडे गेली. एवढ्यात आत्यानं पुढ्यातली दह्याची वाटी उचलली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मेलेलेच हवेत, तर हे उकळून आणू का?"