मोझार्टने 'मेसाया' फुगवला, या आरोपाविषयी

डिसेंबर जवळ आला की पाश्चात्त्य अभिजात संगीत आवडीने ऐकणाऱ्या मंडळींमध्ये एक मत पुन्हा पुन्हा फिरू लागते. ते थोडक्यात असे : अठराव्या शतकातील रचनाकार हँडेल याचा 'मेसाया' हा ऑराटोरिओ (अभिनयाशिवाय गायले जाणारे धार्मिक कथागान) मुळात लहान वाद्यमेळासाठी रचलेला, निर्मळ आणि एकसंध होता, १७८९ साली मोझार्टने त्यात क्लॅरिनेट, हॉर्न आणि ट्रॉम्बोन घालून तो फुगवला, विसाव्या शतकातील अवाढव्य कोरसची ध्वनिमुद्रणे हे त्याच पापाचे फळ, आता जुन्या वाद्यांवर, मूळ स्वरलेखनाबरहुकूम केलेली ध्वनिमुद्रणे सहज मिळत असताना मोझार्टच्या आवृत्तीसाठी वेळ दवडण्याचे कारण नाही. हे मत मांडणारे बहुधा जाणकार असतात आणि त्यांचे हँडेलवरचे प्रेम खरे असते, म्हणूनच त्यातला प्रत्येक दावा वेगळा काढून तपासणे आवश्यक वाटते.

पहिला दावा निर्मळ, एकमेव मूळ कृतीचा. हँडेलने 'मेसाया' २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर १७४१ या अवघ्या चोवीस दिवसांत लिहिला आणि १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला, इथपर्यंत कोणाचेच दुमत नाही. परंतु त्यानंतर हँडेलने या कृतीला कधी स्वस्थ बसू दिले नाही. 'रिजॉइस ग्रेटली' ही आरिया (एकल गायकाचे गीत) त्याने आधी बारा-अष्टमांश तालात लिहिली होती आणि पुढे ती चतुष्कल तालात नव्याने बांधली. १७५० साली गुआदान्यी हा कास्त्रातो (बालपणीच्या शस्त्रक्रियेमुळे उंच आवाज राहिलेला पुरुष) गायक हाताशी आला, तेव्हा 'बट हू मे अबाइड' ही मूळची खर्जातल्या गायकाची आरिया त्याच्या गळ्यासाठी पूर्णपणे बदलली. गायक बदलला की आरिया एका आवाजाकडून दुसऱ्या आवाजाकडे जात असे. एवढेच नव्हे, ज्या 'फॉर अन्टू अस अ चाइल्ड इज बॉर्न' या समूहगानाने नाताळची सभागृहे भरून जातात, त्याची सुरावट हँडेलने त्याच १७४१ च्या उन्हाळ्यात लिहिलेल्या एका इटालियन युगुलगीतातून उचलली आहे, आणि ते युगुलगीत प्रेमातल्या अविश्वासाचे आहे. स्वतःची रचना मोडून नवी घडवणे हा हँडेलचा नित्याचा व्यवहार होता. म्हणूनच आज 'मूळ' म्हणून विकली जाणारी ध्वनिमुद्रणेही एकमेकांशी जुळत नाहीत. क्रिस्टोफर हॉगवुड यांचे १९८० चे ध्वनिमुद्रण लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथालयातील १७५४ च्या प्रयोगावर आधारलेले आहे, तर जॉन बट यांनी डनेडिन कॉन्सॉर्ट या गायक-वादकांच्या संघासह २००६ मध्ये डब्लिनच्या प्रयोगाची पुनर्रचना केली. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्ही हँडेलचीच आहेत.

१७५४ च्या त्या प्रयोगाचा खर्चाचा हिशेब टिकून राहिला आहे आणि 'लहान वाद्यमेळ' या कल्पनेला तो बराच धक्का देतो. चौदा व्हायोलिन, सहा व्हायोला, तीन चेलो, दोन डबल बास, चार ओबो, चार बसून (खर्जातले फुंकवाद्य), दोन हॉर्न, दोन ट्रम्पेट आणि नगारे अशा वादकांना त्यात पैसे दिल्याची नोंद आहे. हॉर्नसाठी स्वरलेखनात एकही स्वतंत्र ओळ नसताना हॉर्नवादक तेथे बसले होते, याचाच अर्थ हँडेलच्या काळी कागदावर लिहिलेले आणि सभागृहात वाजलेले या दोहोंमध्ये अंतर होते. मोझार्टने हॉर्न घातले म्हणून त्याच्यावर रागावणाऱ्यांनी ही नोंद आधी विचारात घ्यायला हवी.

आता 'फुगवला' या मुख्य आरोपाकडे वळू. मोझार्टची आवृत्ती ६ मार्च १७८९ रोजी व्हिएन्नात, काउंट योहान एस्टरहाझी यांच्या वाड्यात, निमंत्रित श्रोत्यांसमोर सादर झाली. हे काम बॅरन गॉटफ्रीड व्हान स्वीटेन यांनी सांगितले होते. ते बर्लिनमध्ये राजदूत असताना बाख आणि हँडेल यांच्या संगीताच्या नादी लागले आणि व्हिएन्नाला परतल्यावर उमरावांची एक मंडळी जमवून असे खासगी प्रयोग करवू लागले. गाणाऱ्यांमध्ये मोझार्टची मेहुणी आलॉयझिया लांगे होती. वाड्यातल्या दिवाणखान्यात होणारा हा कार्यक्रम होता. त्याच्या पाच वर्षे आधी, १७८४ मध्ये, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत हँडेलच्या स्मरणार्थ पाचशेहून अधिक गायक-वादक एकत्र आले होते आणि १७८६ मध्ये योहान आडाम हिलर यांनी बर्लिनच्या कॅथेड्रलमध्ये सुमारे तीनशे जणांकडून 'मेसाया' करून घेतला होता. कृतीला सूज आली ती तेथे. तीत मोझार्टचा कोणताही हात नव्हता आणि या अजस्र प्रयोगांच्या तुलनेत त्याचा प्रयोग आकाराने हँडेलच्या कितीतरी जवळ होता.

मग वाद्ये वाढवली कशासाठी? हँडेलच्या प्रयोगांत ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड वाजवणारे खालच्या सुरांवरून स्वरसंवाद उत्स्फूर्तपणे भरून काढत. तो भाग लिहिलेला नसे, वादकाच्या हातात असे. एस्टरहाझींच्या दिवाणखान्यात ऑर्गन नव्हता, आणि तसे वादन ज्या पिढीच्या अंगवळणी पडलेले होते ती पिढीही मागे पडत चालली होती. ऑर्गनचे जे काम होते ते मोझार्टने फुंकवाद्यांकडे सोपवले आणि जे पूर्वी वादकाच्या मर्जीवर होते ते लिहून काढले. त्याच्या कामाची पद्धतही बोलकी आहे. लेखनिकांनी लंडनच्या छापील प्रतीवरून गायनाच्या आणि तंतुवाद्यांच्या ओळी उतरवून घेतल्या, फुंकवाद्यांच्या ओळी कोऱ्या सोडल्या आणि त्या कोऱ्या ओळींत मोझार्टने आपले लेखन केले. त्यामुळे हँडेलचा सांगाडा बहुतेक ठिकाणी जसाच्या तसा राहिला आहे. ट्रॉम्बोनही युद्धगर्जनेसाठी नाहीत. व्हिएन्नाच्या चर्चसंगीतात समूहगानातील आवाजांना आधार देण्यासाठी ते वाजवण्याची जुनी रीत होती, तीच येथे आली आहे.

या पद्धतीतून काय घडते हे ऐकायचे असेल तर 'द पीपल दॅट वॉक्ड इन डार्कनेस' ही खर्जाच्या गायकाची आरिया घ्यावी. हँडेलने येथे जवळजवळ काहीच लिहिलेले नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणतो. अंधारात चाचपडणाऱ्या लोकांचे वर्णन आहे, म्हणून गायक आणि तंतुवाद्ये बहुतांशी एकाच सुरावटीवर, स्वरसंवादाच्या आधाराशिवाय, अडखळत चालतात आणि ही सुरावट एका अर्धस्वरावरून दुसऱ्यावर घसरत राहते. मोझार्टने त्या ओळींना हात न लावता वर बासरी, क्लॅरिनेट आणि बसून यांचे अर्धस्वरी धागे विणले, आणि हँडेलने मोकळी ठेवलेली जागा एकाएकी दाट, हलत्या सावल्यांनी भरून गेली. जे हँडेलच्या लेखनात सूचित होते ते येथे उघड होते. यात काही हरवते हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या उघड्याबोडक्या रेषेत असलेली भीती मोझार्टच्या आवृत्तीत उरत नाही, तिच्या जागी एक व्याकूळता येते. परंतु याला फुगवणे म्हणता येणार नाही. एका थोर रचनाकाराने दुसऱ्या थोर रचनाकाराचे केलेले हे वाचन आहे आणि ते आवाज वाढवून केलेले नाही. उलट ही आरिया मोझार्टच्या आवृत्तीत अधिक मृदू ऐकू येते. मला व्यक्तिशः दोन्ही रूपे हवी असतात, आणि एकातले ऐकल्याशिवाय दुसऱ्यातले पुरते कळत नाही.

टीकाकारांचे पारडे जड ठरते ते 'द ट्रम्पेट शॅल साउंड' या आरियेत, आणि ते मान्य केले पाहिजे. हँडेलच्या ट्रम्पेटवादकाला अतिशय वरच्या पट्टीत सलग सुरावट वाजवण्याची जी कला अवगत होती, ती १७८९ पर्यंत लोपत आली होती. मोझार्टने ट्रम्पेटचा बराच भाग काढून हॉर्नकडे दिला आणि आरियाही आखूड केली. मृतांना उठवणारी ती तेजस्वी ललकारी व्हिएन्नात काहीशी कोमट होते. इतरत्रही त्याने काटछाट केली. 'इफ गॉड बी फॉर अस' या आरियेच्या जागी त्याने त्याच शब्दांचे छोटे, वाद्यसाथीचे पठणगान लिहिले. ती कल्पना व्हान स्वीटेन यांना इतकी भावली की २१ मार्च १७८९ च्या पत्रात त्यांनी मूळ आरियेला थंड ठरवून मोझार्टची पाठ थोपटली. या निवाड्यात मी बॅरनसाहेबांच्या बाजूने नाही.

मात्र यावरून मोझार्टला हँडेल जुनाट वाटत होता, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो पुराव्याशी जुळत नाही. १७८८ ते १७९० या काळात त्याने व्हान स्वीटेन यांच्यासाठी हँडेलच्या चार कृती हाताळल्या : 'एसिस अँड गॅलटीया', 'मेसाया', 'अलेक्झांडर्स फीस्ट' आणि संत सिसिलियाच्या दिनाचे स्तोत्र. एवढ्या कामाचा ठसा त्याच्या स्वतःच्या लेखनावर उमटला. १७९१ मधील त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या 'रेक्विएम' या मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतातल्या 'कीरिए' या फ्यूगचा (एकच सुरावट आवाज एकामागून एक उचलत जातात अशा रचनेचा) मुख्य विषय आणि 'मेसाया'मधील 'अँड विथ हिज स्ट्राइप्स' या समूहगानाचा विषय एकापाठोपाठ ऐकले, तर त्यांचे नाते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ज्याला आपण जुनाट समजतो, त्याच्याकडून माणूस आपल्या मृत्युगीताचा आरंभ घेत नाही.

तिसरा दावा सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत कमजोर आहे : विसाव्या शतकातील भव्य ध्वनिमुद्रणे म्हणजे मोझार्टचीच आवृत्ती. गोंधळाचे मूळ १८०३ मध्ये आहे. त्या वर्षी लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फ आणि हेर्टेल या प्रकाशकांनी मोझार्टची आवृत्ती छापली, पण तीत त्याचे नसलेलेही काही शिरले. इंग्लंडमध्ये पुढे संपादकांनी तीतून हवे ते उचलून आपापली मिश्रणे तयार केली आणि त्यांतले एबनेझर प्राउट यांचे १९०२ चे संपादन गायकवृंदांच्या हाती सर्वत्र गेले. हडर्सफील्डच्या गायकवृंदासह माल्कम सार्जंट यांनी केलेली ध्वनिमुद्रणे याच परंपरेतली असून त्यांत सार्जंट यांची स्वतःची भरही आहे. थॉमस बीचम यांचे १९५९ चे ध्वनिमुद्रण तर वेगळ्याच वंशाचे आहे : त्यातील वाद्ययोजना यूजीन गूसेन्स यांच्याकडून नव्याने करवून घेतलेली होती, आणि 'हालेलुया'मध्ये खणखणणाऱ्या झांजा मोझार्टच्या एकाही पानावर नाहीत. हजारोंच्या कोरसची हौसही इंग्रजांची स्वतःची होती. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जून १८८८ मध्ये एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांवर जे गायन टिपले गेले ते 'मेसाया'चे नव्हतेच, 'इझ्राएल इन ईजिप्त' या हँडेलच्या दुसऱ्या ऑराटोरिओचे होते. मोझार्टने त्या कृतीला स्पर्शही केलेला नव्हता, तरी गाणारे काही हजार होते.

याउलट, जी ध्वनिमुद्रणे खरोखर मोझार्टच्या आवृत्तीची आहेत ती मोजकी आणि बहुतांशी अलीकडची आहेत, आणि ती शक्य झाली याचे एक कारण १९६१ मध्ये आंद्रेआस होल्श्नायडर यांनी नव्या मोझार्ट समग्र आवृत्तीत केलेले तिचे चिकित्सक संपादन हे आहे. म्हणजे हँडेलची मूळ रूपे शोधून काढणारी संशोधनाची जी लाट होती, तिनेच मोझार्टचे मूळ रूपही व्हिक्टोरियन थरांखालून बाहेर काढले. चार्ल्स मॅकेरस यांचे उदाहरण येथे पुरेसे आहे. १९६७ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या 'मेसाया'ने लहान वाद्यवृंद आणि बरोक धाटणीचे स्वरालंकार यांमुळे इंग्रजी कानांना हादरा दिला होता, आणि त्याच मॅकेरस यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रियन रेडिओच्या वाद्यवृंदासह मोझार्टची आवृत्ती जर्मन भाषेत आर्काइव्ह कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. त्यांना हँडेल कळत नव्हता असे कोणी म्हणणार नाही.

राहिला शेवटचा दावा, वेळ न दवडण्याचा. किर्लोस्करांची पदे बालगंधर्वांच्या काळी ऑर्गन आणि सारंगीच्या साथीने गाजली म्हणून 'सौभद्र' बाटले असे आपण मानत नाही. तेवढीच सहिष्णुता येथेही पुरे. ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी मॅकेरस यांच्या १९७४ च्या जर्मन ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी, कारण मोझार्टने आपली वाद्ययोजना जर्मन संहितेवरच केली होती आणि पेटर श्रायर, टेओ आडाम यांच्यासारखे गायक ती संहिता मातृभाषेच्या सहजतेने उच्चारतात. हेल्मूट रिलिंग यांचे १९९१ चे ध्वनिमुद्रण त्याहून हलके, चपळ आहे आणि त्यात फुंकवाद्यांचे धागे अधिक स्पष्ट ऐकू येतात. इंग्रजी शब्दांशिवाय 'मेसाया' ऐकवत नसेल तर मॅकेरस यांनीच १९८८ मध्ये रॉयल फिलहार्मोनिक आणि हडर्सफील्डच्या गायकवृंदासह मोझार्टची वाद्ययोजना इंग्रजी संहितेवर केली आहे. मात्र तेथे गायकवृंद मोठा आहे, आणि त्या मोठेपणाची तक्रार मोझार्टकडे नेता येणार नाही.