‘माणसं ओळखायला शिका’ म्हणणाऱ्या मिरजकर साहेबांना उत्तर

मिरजकर साहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप उडाली. दोन ओळींत आभार मानून विषय संपवता आला असता. पण तुमच्या प्रतिक्रियेखाली बऱ्याच जणांनी ‘अगदी बरोबर काका’ असं लिहिलंय, त्यामुळे गप्प बसणं जमणार नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. ‘खासगी मालकाकडून जुनी गाडी घेताना’ या माझ्या लेखावर साहेबांचं म्हणणं असं: विम्याबद्दल मी चुकीचं लिहिलंय. गाडी नावावर चढेपर्यंत किमतीतले पंचवीस हजार आपल्याच हातात ठेवा, हा घेणाऱ्याला दिलेला माझा सल्ला विकणाऱ्यावर अन्याय करणारा आहे. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून बिघाड तपासण्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. आणि मग हे, जसंच्या तसं देतो: ‘यूट्यूब बघून शहाणे झालेल्या तुमच्यासारख्यांना प्रत्येक विकणारा चोर दिसतो. दुसऱ्याच्या सीटखाली हात घालण्यापेक्षा त्याच्या डोळ्यांत बघा. माणसं ओळखायला शिका, गाडी आपोआप ओळखता येते.’

विम्याचं आधी. तिथं तुमचं बरोबर आहे. गाडी विकली की जुना विमा संपतो, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असं धरतात, आणि नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचा उल्लेख करून. तरी पॉलिसी जुन्या नावावर ठेवून गाडी कुठं ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो, एवढं माझं म्हणणं कायम आहे. एका वाक्यातल्या चुकीवरून मला ‘अर्धवट माहितीवर लेख पाडणारा’ म्हणायची गरज नव्हती. चूक दाखवा, मी दुरुस्त करतो. पाणउतारा कशासाठी?

आता ते डोळ्यांत बघण्याचं.

बघितलं होतं साहेब. डिसेंबर २०१९ मध्ये बघितलं होतं. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे तुम्हाला मिरजेत बसून माहीत असेलच. गावभागातलं आमचं घर आठवडाभर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर बाबांच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं, मिरजेला दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि बाबांनी त्यांच्या ठेवीतून एक जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. बाबांच्या ओळखीतले एक निवृत्त गुरुजी, तासगाव तालुक्यातल्या द्राक्षांच्या गावातले, नदीपासून लांब. डिझेल सेडान, एमएच-१०, रंग नव्यासारखा, किंमत ३,१०,००० रुपये.

गुरुजींच्या घरी आम्हाला पोहे मिळाले, चहा मिळाला, बागेतले पेरू पिशवीत भरून मिळाले. आरसीवर नाव सांगलीतल्या कुणाचं तरी होतं. गुरुजी म्हणाले, मीच घेतलीय, नावावर करायची राहिली, मूळ मालकाच्या सह्यांचे टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) आहेत माझ्याकडं. मी सहज ड्रायव्हरच्या पायापाशी वाकलो आणि मॅटिंगचा कोपरा उचलायला गेलो, तर बाबांनी माझा हात धरला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘ज्यांच्या घरचे पोहे खाल्ले, त्यांच्या गाडीचं मॅटिंग उचकटायचं नसतं.’ तुमचं वाक्य वाचलं तेव्हा मला बाबांचा तो हात आठवला. म्हणून झोप उडाली.

फेब्रुवारीत एका रात्री विजयनगरजवळ ड्रायव्हरच्या बाजूची काच आपोआप खाली गेली. मग हॉर्न आपोआप वाजायला लागला. मग एके दिवशी दवाखान्यातून येताना गाडी भर रस्त्यात बंद पडली, मागच्या सीटवर बाबा पाय लांब करून बसलेले. शंभर फुटी रस्त्यावरच्या एका इलेक्ट्रिशियनने पुढची सीटच काढून बाहेर ठेवली. सीट ज्या पट्ट्यांवर पुढंमागं सरकते त्या गंजून लाल झाल्या होत्या, आणि त्यांच्या खाचेत माती होती. त्याने सीटबेल्ट ओढला. आपण लावताना ओढतो तेवढाच नाही, पूर्ण, शेवटपर्यंत. शेवटची वीतभर पट्टी वेगळ्याच रंगाची होती आणि जिथून रंग बदलला तिथं सरळ तपकिरी रेघ होती, पाणी जिथवर चढलं होतं तिथवरची.

ती माती मी ओळखली. काही महिन्यांपूर्वी तीच माती मी आमच्या ओट्याखालून आणि देवघराच्या कोनाड्यातून खरवडून काढली होती. वाळली की करडी दिसते, नख लावलं की पिठासारखी सुटते, आणि वास काही केल्या जात नाही. मी तिथंच गॅरेजच्या पायरीवर बसलो. बाबांना काय सांगायचं, हे मला सुचेना.

वायरिंग आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मिळून ६८,००० रुपये गेले. नंतर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी काढल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये गाडी टो करून आणलेली, आत पाणी शिरलेलं, दुरुस्तीचा आकडा ऐकून मालकाने परत नेलेली. ही नोंद मला डिसेंबरमध्येही मिळाली असती. पण मी तेव्हा माणूस बघत होतो ना.

आणि आता जे सांगतो ते नीट वाचा, कारण लेखातही लिहिलं होतं आणि तुम्ही ते वाचलेलं नाही हे उघड आहे. बाबांनी गुरुजींना फोन केला तेव्हा ते अक्षरशः रडले. त्यांनी स्वतः ती गाडी दिवाळीच्या आसपास एकाकडून घेतली होती, ‘घरातली, जपून वापरलेली’ म्हणून. त्यांना पुराचं माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. समजा नव्हतं. समजा ते शंभर टक्के सरळ होते. तर त्यांच्या डोळ्यांत मला काय दिसणार होतं? सरळपणाच दिसला असता, आणि गाडी तीच मिळाली असती. मी विकणाऱ्याला चोर कुठं म्हटलं? दाखवा ते वाक्य. विकणारा सरळ असला तरी गाडीत काय आहे ते त्याला ठाऊक असेलच असं नाही, आणि आमच्या जिल्ह्यात २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर येऊन गेलेत, एवढंच मी म्हणतोय.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो, एकोणीस वर्षं झाली. सौद्याला व्यापारी येतो, ढिगातलं हळकुंड उचलतो आणि मोडून आतला रंग बघतो. शेतकरी शेजारी उभा असतो. ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असं म्हणताना मी एकाही शेतकऱ्याला ऐकलेलं नाही. उलट ज्याचा माल चांगला तो स्वतःहून मोडून दाखवतो. मग चार-पाच लाखांच्या गाडीचा सीटबेल्ट ओढला तर अपमान कसला? तुम्ही तुमची गाडी बघायला आलेल्या एका मुलाबद्दल लिहिलंय की त्याने मॅटिंग उचललं, दाराचं रबर सोडवून आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले, काचांवर छापलेलं बनावटीचं साल तपासलं, आणि तुम्ही त्याला घालवून दिलं. त्या मुलाला कुणीतरी नीट शिकवलंय. एका काचेवरचं साल बाकीच्यांपेक्षा वेगळं असेल तर ती काच बदललीय, आणि ती का बदलली हे विचारायचा त्याला हक्क आहे. कुठंतरी दगड लागला होता, असं तुम्ही सांगितलं असतंत, विषय संपला असता.

विश्वासाचं म्हणाल तर फसवणारा नेमका तिथंच हात घालतो. आपल्या सातारा-सांगलीत फौजी म्हटलं की दार उघडतं. साताऱ्याच्या अपशिंगे गावाच्या नावापुढंच लोक मिलिटरी लावतात, घरटी एक तरी माणूस सैन्यात. ऑनलाइन जाहिरातीत गाडीशेजारी गणवेशातला फोटो, ओळखपत्र, ‘बदली झालीय, स्वस्तात द्यायचीय’. मग आधी गेट पासचे पैसे, मग वाहतुकीचे, मग आणखी कशाचे तरी, आणि ‘हे परत मिळतील’ म्हणून पाठवलेला क्यूआर कोड. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मी लेखात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. माझ्या मावसभावाने पिन टाकला, कारण समोरचा ‘जय हिंद’ म्हणून फोन ठेवायचा. भाऊ स्वतः फौजीचा मुलगा. तो हावरट नाही, मूर्खही नाही, आणि ‘अशांना हाव नडते’ हे तुमचं वाक्य मला फार लागलं. त्याने त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली म्हणून थोडी तरी रक्कम गोठवली गेली. आणि त्या फोटोतल्या माणसाच्या डोळ्यांतसुद्धा त्याने बघितलंच होतं, साहेब.

पंचवीस हजारांचा मुद्दा राहिला. विकणाऱ्याची बाजू मी लेखात मांडली नाही, कबूल. पण लेख घेणाऱ्यांसाठी होता, आणि शीर्षकातच तसं लिहिलं होतं. त्यावर इथं वाद वाढवत नाही.

स्कॅनरबद्दल: जरूर लावा. पण चुकांचे कोड पुसून गाडी दाखवता येते आणि गाळ स्कॅनरवर दिसत नाही. त्यापेक्षा विक्रेत्याकडून चालू पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांवर गेलेला असतो. शून्य दिसला आणि समोरचा म्हणाला ‘एक ओरखडासुद्धा नाही’, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा ते सांगायला नको. अर्थात हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या गाडीवरचा बोनस माणूस नव्या गाडीवर आणू शकतो, त्यामुळे चांगला आकडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

यूट्यूबबद्दल काही बोलणार नाही. ६८,००० रुपये फी भरून शिकलोय.

आता तुमच्याच गाडीबद्दल. तुम्ही अभिमानाने लिहिलंय की गेल्या दिवाळीत तुमची दहा वर्षं वापरलेली गाडी तुम्ही कोल्हापूरच्या एका तरुणाला ‘एका शब्दावर’ दिली, टीटी फॉर्मवर सह्या करून, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून, आणि ‘काही अडलं नाही’. मला वाद जिंकायचा नाही, मला खरंच काळजी वाटते म्हणून विचारतो: ती गाडी त्याच्या नावावर झाली का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते झालं नसेल तर नोटरीचा तो कागद तुम्हाला वाचवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलंय. गाडी विकून झालेली, पुढं अनेक हात फिरलेली, मग अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी आली नोंदणीत ज्याचं नाव होतं त्या पहिल्या मालकावर. तुम्ही घरात झोपलेले असाल आणि तुमच्या नावावरची गाडी रात्री महामार्गावर असेल.

सरकारचं एमपरिवाहन ॲप उघडा आणि नंबर टाका. मालकाचं नाव आता पूर्ण दिसत नाही, मधल्या अक्षरांच्या जागी फुल्या येतात, पण स्वतःचं नाव माणसाला ओळखता येतं. अजून तुमचंच नाव दिसत असेल तर त्या कोल्हापूरच्या तरुणाला आजच फोन लावा, आणि तो उचलत नसेल तर इथं खाली लिहा. सोमवारी यार्डाला सुट्टी टाकून मी तुमच्याबरोबर आरटीओत येतो. नोटरीची झेरॉक्स आणि त्याच्या आधारची प्रत सोबत ठेवा. त्याच्या आधारची प्रत तुम्ही घेतली असेल, अशी आशा आहे.