पाठीतलं पाणी काढताय ना, मग क्रिप्टोकॉकस बुरशीची टेस्टही लावा

महिनाभर डोकं दुखतंय, ताप, उलट्या. पाठीतल्या पाण्यात (मणक्यातून सुईने काढलेलं, मेंदूभोवतीचं पाणी) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, साखर कमी. एवढं दिसलं की नाशिकमध्ये बहुतेक वेळा टीबी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा टीबी) धरून एकेटी म्हणजे टीबीची औषधं आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू होतं. टीबीची शंका रास्तच आहे. पण मेंदूच्या आवरणात क्रिप्टोकॉकस बुरशी झाली तरी पाणी असंच दिसतं, टीबीसाठी बघतात तो एडीएसुद्धा वाढू शकतो. एचआयव्ही निगेटिव्ह आला की बुरशीचा विचारच बाद करतात, हे मला पटत नाही.

किडनी ट्रान्सप्लांट, सिरॉसिस, लिंफोमा, लांबलेलं स्टेरॉइड, यांत ही बुरशी होते. सांधेदुखीच्या बिननावी पुड्यांबद्दल आवर्जून विचारा, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. काहींना तर वरवर कुठलंच कारण सापडत नाही. अशांत बुरशीची संख्या कमी असते, म्हणून इंडिया इंक (शाई घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायची टेस्ट) कोरी आली तरी निर्धास्त राहू नका. त्याच पाण्यावर अँटिजेनची (बुरशीचा अंश ओळखणारी) पट्टी लावा, दहा मिनिटांत कळतं. नुसती रक्तावर लावून भागत नाही.

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती या पाण्याच्या प्रेशरची. कुशीवर झोपवून मोजायचं. मॅनोमीटर (प्रेशर मोजायची नळी) नसेल तर सुईला निर्जंतुक आयव्ही सेटची नळी जोडून उभी धरा आणि सुईपासून पट्टीने पाण्याची उंची मोजा. २५ सेंमीच्या वर असेल आणि त्रास असेल तर २० च्या खाली येईल इतकं पाणी काढा, प्रेशर फारच असेल तर निदान निम्म्यावर आणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, रोज, स्थिर होईपर्यंत. मेंदूची सूज उतरवायला देतात त्या मॅनिटॉलने हे काम होत नाही. नजर जाते ती बऱ्याचदा इथे टाळाटाळ केल्यामुळे.

बुरशीवरचं औषध म्हणजे लायपोसोमल अँफोटेरिसिन रोज किलोला ३ ते ४ मिग्रॅ, सोबत फ्लुसायटोसिन रोज किलोला १०० मिग्रॅ, चार डोसांत विभागून. फ्लुसायटोसिन सहज मिळत नाही, मग फ्लुकोनॅझोल रोज ८०० मिग्रॅ जोडतात. अँफोटेरिसिन ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, सलाईनमध्ये साका बसतो. आधी सलाईनची बाटली मात्र द्यायची, किडनीसाठी. पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन एक-दोन दिवसांआड बघा.

अँफोटेरिसिन दोन आठवडे हा हिशेब एचआयव्हीच्या पेशंटचा. ट्रान्सप्लांट नसलेल्या निगेटिव्ह पेशंटला निदान चार, फ्लुसायटोसिन नसेल तर सहा. नेमकं तिसऱ्या आठवड्यात पेशंटचं "बरं वाटतंय, कांदा काढायला आलाय" सुरू होतं. पुढे फ्लुकोनॅझोल ४०० ते ८०० आठ आठवडे, मग २०० सहा ते बारा महिने. एकेटी चालूच ठेवली असेल तर रिफाम्पिसिन फ्लुकोनॅझोलची पातळी खाली खेचतं, आणि ट्रान्सप्लांटवाल्यात फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमसची (नवी किडनी नाकारली जाऊ नये म्हणून दिलेल्या औषधाची) पातळी वर चढवतं, तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर दोन्ही ठळक लिहा.