मी गे आहे, ख्रिस्ती आहे आणि ही गाणी माझी आहेत

पॉप गाण्यांमुळे मुलं देवापासून दुरावतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या बाबतीत नेमकं उलटं घडलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मी गे आहे आणि ख्रिस्ती आहे. यातलं एक काहीतरी सोड, असं मला दोन्हीकडून सांगितलं जातं. चर्चच्या मंडळीतले लोक बायबलमधली समलैंगिकतेविरुद्धची वचनं दाखवतात. लेवीय, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, मला सगळं तोंडपाठ आहे. ज्याच्यावर ती वचनं रोखलेली असतात, त्याची ती आपोआप पाठ होतात. पुढे त्यांचा काळ, संदर्भ, त्यांवरचे वाद असं बरंच वाचलं. डोक्याला पटलं, गळ्याला पटेना. जसा आहेस तसा ये, अशा अर्थाचं गीत कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, गायला लागलो की आवाज घशातच अडायचा. तो मोकळा केला डिस्कोने. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

कार्ल बीन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये वाढलेले कृष्णवर्णीय गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारे, गायक. 1977 मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्या आवाजात 'आय वॉज बॉर्न धिस वे' हे डिस्को गाणं काढलं. गाणं त्यांनी लिहिलेलं नव्हतं, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गायकाने ते गायलंही होतं. पण बीन गातात तेव्हा ती सरळ साक्ष होते. तुम्ही हसा, नावं ठेवा, मी आनंदी आहे, मी गे आहे, मी जन्मतःच असा आहे. शब्द एवढेच. ते म्हणण्याची रीत मात्र उपासनेतली. एखादा शब्द ओढून धरायचा, ओळ पुन्हा घ्यायची, दर वेळी थोडी जास्त ताकद लावायची, आणि शेवटी आवाज फाटला तरी पर्वा करायची नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नाचावंसं वाटलं नाही, 'आमेन' म्हणावंसं वाटलं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या 139व्या अध्यायात कवी देवाचे आभार मानतो, का, तर माझी घडण तू अद्भुत रीतीने केलीस म्हणून. हे वचन मी कितीदा तरी मोठ्याने वाचलं होतं, पण ते माझ्याबद्दलही आहे असं तोवर कधी वाटलंच नव्हतं.

लेडी गागाचं 2011 चं 'बॉर्न धिस वे' बहुतेकांनी ऐकलेलं असेल. देव चुका करत नाही, असं ती त्यात म्हणते. त्या गाण्यामागची प्रेरणा कार्ल बीन होते, हे तिने स्वतः सांगितलंय.

सिल्व्हेस्टर या गे डिस्को गायकाचंही तसंच. लॉस एंजेलिसच्या एका पेंटेकॉस्टल (उत्कट, गाण्याबजावण्याच्या उपासनेच्या पंथातल्या) चर्चमध्ये तो लहानपणी गायचा. 1978 च्या 'यू मेक मी फील (मायटी रिअल)' मध्ये त्याचा तो उंच आवाज ऐका आणि सांगा, हा कुठे शिकून आलाय. 1988 मध्ये तो एड्सने गेला. त्याचा अंत्यविधी ओकलंडच्या लव्ह सेंटर चर्चमध्ये झाला. चर्चमध्ये गाणं शिकलेला माणूस अखेर चर्चमधूनच निरोप घेऊन गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण तेव्हा एड्सने गेलेल्या कितीतरी जणांच्या वाट्याला साधी प्रार्थनाही आली नाही.

सगळीच गाणी धीर देतात असं मात्र नाही. पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीचं 1987 चं 'इट्स अ सिन' मी अजूनही सहज लावू शकत नाही. त्यांचा गायक नील टेनंट कॅथलिक शाळेत शिकलेला. गाण्याच्या शेवटी तो लॅटिनमधली पापकबुलीची प्रार्थना म्हणतो: विचाराने, शब्दाने, कृतीने, आणि जे करायला हवं होतं ते न करून मी पाप केलं. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, या प्रार्थनेनंतर धर्मगुरू सगळ्यांसाठी देवाची दया मागतात. गाण्यात ती दया येतच नाही. कबुली होते आणि गाणं संपतं. आमच्यातल्या कित्येकांचं बालपण असंच गेलंय. रोज कबुली द्यायची आणि क्षमेपर्यंत कधी पोचायचंच नाही.

माझे गे मित्र विचारतात, चर्चने तुला दिलं काय? हा आवाज दिला. या गायकांनाही त्यांचा आवाज तिथेच मिळाला. डान्स फ्लोअरवर त्यांनी जे उभं केलं, ते चर्चमधूनच आलेलं होतं. ते ऐकताना मी श्रद्धेपासून पळत नसतो. जे माझंही होतं आणि मला नाकारलं गेलं, ते परत घेत असतो.

नुसत्या गाण्यांनी भागतं, असं माझं म्हणणं नाही. आजारपणात गाणं औषध आणून देत नाही. म्हणून बीन यांचं पुढचं आयुष्य मला त्या गाण्याइतकंच मोलाचं वाटतं. 1982 मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये युनिटी फेलोशिप चर्च सुरू केलं, जिथे कृष्णवर्णीय गे आणि लेस्बियन माणसांना लपून बसावं लागणार नव्हतं. 1985 मध्ये मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट उभा केला, बहुतेक लोक एड्सच्या रुग्णाला हात लावायला घाबरत होते तेव्हा. फळांवरून झाड ओळखा, असं प्रभूने सांगितलंय. मग या झाडाची फळं बघा की!

मंडळीच्या पुढाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. तुमच्या कॉयरमध्ये आमच्यासारखं कुणीतरी आत्ताही गातंय, आणि बऱ्याचदा तुम्हाला ते ठाऊकही असतं. तो गप्प राहतो तोवर तुम्हाला त्याचा आवाज चालतो, आणि तो खरं बोलला की माणूस नकोसा होतो. मीही त्या रांगेत उभा राहिलोय. त्या पोराला गाऊ द्या, आणि तो कुणावर प्रेम करतो हे कळल्यावरही त्याच रांगेत गाऊ द्या.