केरवोखे

अमेरिकी फौजेत असताना माझं एक ठाम मत होतं: जर्मन घरमालक म्हणजे लुटारू. परदेशी नेमणुकीत सैनिकाला प्रत्यक्ष भाड्याइतका भत्ता मिळतो, पण हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा काही गुपित नसते. स्टुटगार्टच्या आसपास कुठलंही घर बघा, भाडं नेमकं तिथे येऊन टेकायचं. मालक माझ्या गणवेशावरची पट्टी वाचूनच आकडा सांगतो, याबद्दल मला शंका नव्हती.

वैतागून ब्योब्लिंगनला फ्लॅटच घेतला. सैनिकांसाठीचं सरकारी हमीचं गृहकर्ज तिथल्या घराला चालत नाही, हे आधी कळलं असतं तर कदाचित शहाणा झालो असतो. कायद्याप्रमाणे नोटरीने अख्खं खरेदीखत मोठ्याने वाचलं, पाठोपाठ दुभाष्याने इंग्रजीत. मी सत्यनारायणाला बसल्यासारखा बसलो होतो. पाचवा अध्याय झाला, प्रसाद नाही. तो मागाहून टपालाने आला: ५ टक्के खरेदी कर.

ताबा घेतला तर स्वयंपाकघर गायब. जुना मालक ओटा, कपाटं, दिवे, सगळं उचलून घेऊन गेला होता. तिकडे तशी रीतच आहे म्हणे! एक फायदा मात्र झाला. स्वतःच्या घरालाही भत्ता मिळतो. किमतीला १२० ने भागून येईल ते महिन्याचं भाडं धरतात. मीच मालक, मीच भाडेकरू. इतकं प्रेमाचं नातं पुन्हा जमलं नाही.

मग टेक्सासला बदली झाली. फ्लॅट बघायला एक तरुण सार्जंट आला. "भाडं किती, सर?" मी आकडा सांगितला. त्याच्या हुद्द्याची मर्यादा आदल्या रात्रीच बघून ठेवली होती. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती.

महिन्याभराने रात्री एक वाजता फोन. जर्मनीत सकाळचे आठ. खालच्या मजल्यावरच्या आजी. श्वाबेन प्रांतात 'केरवोखे' असते, म्हणजे आठवडाभर जिना झाडायची पाळी. शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा 'केर' ऐकून मला गहिवरून आलं होतं. तर पाळीची पाटी आमच्या दारावर लटकलेली आणि केर जिन्यावर.

सार्जंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, भाड्याचा भत्ता आहे, विजेपाण्याचा आहे. केराचा नाही."

आजी दर पाळीला फोन करत राहिल्या. शेवटी त्यांनीच जिना झाडायला एक मुलगा सुचवला. पैसे मी टेक्सासहून युरोत पाठवतो. मुलगा कामाला चोख आहे. आजींचा नातू आहे, हे सार्जंटने परवा सांगितलं.